उजवीकडून

सोमवारी लक्ष्मीपुरी अर्धी बंद असते.
मी शटर निम्मं वर ठेवून
एका पतसंस्थेचा अहवाल लावत बसले होते,
तेव्हा दस्तगीर शिकलगार वाकून आत आले.
खिशातून कागद, घडीवर घडी.
'दगडावर घालायचंय. मराठी वर, उर्दू खाली.
कारागीर म्हणतो, छापून आणा, तसंच्या तसं कोरतो.'

मराठी सोपं होतं.
जुलेखा दस्तगीर शिकलगार, शिक्षिका,
शाळा नंबर सोळा. १९५७–२०२३.
उर्दू पुतण्यानं मोबाईलवर पाठवलेलं.
ते उचलून मी माझ्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये टाकलं.
अक्षरं आली, पण सुटी सुटी,
वाटणीवरून भांडलेल्या भावांसारखी.

'बघा, बरोबर आहे का?'
'मला कुठं वाचता येतंय? सातवीपर्यंत शाळा,
ती पण मराठीच.'
तरी चष्मा पुसला. स्क्रीनच्या उजव्या कडेला
बोट टेकवलं, आणि ते तिथंच थांबलं.
'हा अलिफ इथं कसा?
ल्हानपणी मौलवींनी कान धरून एवढंच शिकवलं,
कुठनं निघायचं ते.
तिच्या नावात हा शेवटाला येतो.
ही उलटी चाललीय, पोरी.'

मग वर्ड उघडलं.
वरच्या पट्टीत दोन बारके बाण असतात,
एक इकडं तोंड केलेला, एक तिकडं.
अकरा वर्षांत दुसऱ्याला माझा माउस लागला नव्हता.
दाबला.
कर्सर टुणकन उजव्या कडेला गेला
आणि तिथं लुकलुकत राहिला,
नव्या सोयरिकीत पहिल्यांदा जेवायला बसल्यासारखा.
अक्षरांनी एकमेकींचे हात धरले.
पूर्णविराम अख्खी ओळ ओलांडून डाव्या टोकाला.
एक जागा जास्तीची होती, ती खोडायला गेले
तर खोडणं उजवीकडं सरकलं.
मी घाबरून कीबोर्डवरचा हात काढला.

शिकलगार हसले.
'फाउंड्रीत मोल्डिंग केलं चाळीस वर्षं.
वाळूत नाव उलटं, लोखंडात सुलटं.
नवा पोरगा वाळूतलं बघून ओरडायचा,
मामा, चुकलं!'

तेवढ्यात मला वर्षं दिसली. उर्दूच्या ओळीत
2023–1957.
'थांबा, हे चुकलं.' जीभ पुढं गेली,
'आधी गेल्या, मग जन्मल्या, असं झालंय.'
पुसलं. पुन्हा टाइप केलं.
पुन्हा तसंच.
वरच्या मराठीत सत्तावन्न आधी,
खाली तेवीस.

त्यांनी परत उजवीकडं बोट ठेवलं
आणि मोठ्यानं म्हणत डावीकडं आणलं.
एकोणीसशे सत्तावन्न.
रेघ.
दोन हजार तेवीस.
'बरोबरच आहे की.'
मग बोट काचेवरून न उचलता
तसंच मागं फिरवलं, तेवीसपासून,
यावेळी काही न बोलता.
रेघेवर जरा वेळ लागला.
सत्तावन्नाशी पोचल्यावर म्हणाले,
'तिची शाळेची पुस्तकं आणि कुराण
एकाच फळीवर असायची.
धूळ पुसताना मी हमखास चुकीच्या बाजूनं उघडायचो.
ओरडायची.'

दोन प्रिंट काढल्या, एक कारागिराला.
दुसरी कशाला, ते मी विचारलं नाही.
त्यांनी ती घडी न घालता
शर्टाच्या आत सरळ ठेवली
आणि वाकून शटरखालून गेले.

हिशेब विसरू नये म्हणून त्याच पानावर खाली लिहिलं:
शिकलगार, दोन प्रिंट, साठ रुपये बाकी.
ओळ उजव्या भिंतीला टेकून बसली.
पूर्णविराम तिच्या पुढं, डावीकडं एकटा.
डाव्या बाणावर माउस नेला होता मी.
तेवढ्यात पतसंस्थेच्या मॅनेजरचा फोन आला,
ठेवींचा तक्ता कुठपर्यंत आला म्हणून.